सोडून गेलेल्यांची वही

(अभ्यासवर्गात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलंय. दोनचार शिव्या तेवढ्या गाळल्यात.)



मला विषय दिलाय तो असा : कामाच्या जागी माणसाला कसं वागवतात त्याचा त्याच्या समाधानावर, निष्ठेवर आणि टिकून राहण्यावर काय परिणाम होतो. हा मॅनेजमेंटच्या कॉलेजातला विषय आहे. मी दहावी पास, जुन्या भाषेत मॅट्रिक. गोदीत आणि गोदीबाहेरच्या कंटेनर यार्डात, जिथं ठेकेदार धाडील तिथं, माल चढवतो आणि उतरवतो. कविताही लिहितो, पण आज वाचणार नाही, घाबरू नका.

समाधान, निष्ठा, टिकणं. हे तिन्ही शब्द मालकाच्या खुर्चीत बसून तयार झालेत. मालक विचारतो, माणूस का टिकत नाही? मला उलटं विचारायचंय. जो टिकला तो का टिकला? कारण हे लोक धरून चालतात की टिकणं आणि समाधान हे सख्खे भाऊ. माणूस तीस वर्षं राहिला म्हणजे खूश असणार. असं ज्याला वाटतं त्याला आपल्या आज्या-पणज्यांची नोकरी ठाऊक नाही.

सगळ्यात जास्त टिकलेली नोकरी कुठली सांगू? महारवतन. पिढ्यान्‌पिढ्या एकच काम, एकच घर, एकच गाव. येसकराची काठी बापाच्या हातातून पोराच्या हातात. रात्री-अपरात्री सांगावा घेऊन पळायचं, मयताची वर्दी परगावी पोचवायची, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणूस आला की त्याच्या घोड्यापुढं धावायचं. पगार? बलुतं. दारोदार हिंडून मागितलेली भाकर आणि खळ्यावरची उरलीसुरली कणसं. वर बावन्न हक्क म्हणून मिरवायचं. राजीनाम्याची सोय नाही. १८७४ साली इंग्रजानं मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत वतनांचा कायदा केला, त्यानं हे गाठोडं कायद्याच्या दोरीनं आणखी घट्ट बांधलं. एच.आर.वाल्यांच्या हिशेबानं ही आदर्श कंपनी. सोडून जाणारे शून्य.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल आणलं. ते पार पडलं नाही. वतन कायद्यानं गेलं ते १९५८ साली, ते स्वतः गेल्यावर दोन वर्षांनी. आणि हेही सांगितलं पाहिजे की आपल्यातल्याही काहींना ते सोडवत नव्हतं. हक्क जाईल, तुकडा जमीन जाईल, गावात मान (कसला मान!) जाईल, ही भीती. माणसाला पिढ्यान्‌पिढ्या वाईट वागवलं की तो बंड करतो असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात पुष्कळदा तो त्या वागणुकीलाच आपली मिळकत समजायला लागतो. हे मी गोदीतही बघतो. त्याकडं येतो पुढं.

ज्यांना सोडवलं ते चालत सुटले. मुंबईला आले. गिरणीत, रेल्वेत, गोदीत. तुमच्या-आमच्या घराण्याचा मुंबईतला इतिहास म्हणजे एक नोकरी सोडून आलेल्या माणसांचा इतिहास. ज्याला साहेबलोक ‘ॲट्रिशन’ म्हणून नाक मुरडतात, त्याच्या पोटी आपण जन्मलोय.

आता निष्ठा. यावर मला एकच दाखला पुरेसा वाटतो आणि तो तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. पण नोकरीच्या बाजूनं तो आपण वाचलेला नाही.

बडोदा, १९१७. सयाजीराव महाराजांनी बाबासाहेबांना अमेरिकेला शिकायला पाठवलं होतं. बदल्यात करार : परत येऊन संस्थानची दहा वर्षं नोकरी करायची. करार १९१३ चा. बाबासाहेब परतले आणि करार पाळायला बडोद्याला गेले. म्हणजे निष्ठा घेऊनच गेले होते. मालकही वाईट नव्हता. उलट त्या काळातला सगळ्यात चांगला मालक म्हणा. शिष्यवृत्ती देणारा, शाळा काढणारा, माणूस पारखणारा. वरून धोरण एकदम झकास.

आणि खाली काय? खाली शिपाई. चरित्रकारांनी लिहून ठेवलंय, शिपाई फायली हातात न देता लांबून टाकायचे. प्यायला पाणी मिळायचं नाही. राहायला जागा नाही म्हणून पारशी नाव लावून एका पारशी सराईत उतरले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी दारात येऊन उभे राहिले. सामान उचललं, रात्रीच्या गाडीची वाट बघत बागेत बसून राहिले आणि मुंबईला आले. बडोद्याची नोकरी तिथंच संपल्यात जमा झाली.

दहा वर्षांचा करार. अकरा दिवसांची सराई. नोकरी सोडून जाण्याचा यापेक्षा मोठा दाखला जगाच्या कुठल्या मॅनेजमेंट कॉलेजात असेल तर मला आणून दाखवा. कोलंबिया, लंडन शिकून आलेला माणूस. संस्थानाला असला अर्थतज्ज्ञ शंभर वर्षांत सापडला नसता. तो कुणी घालवला? महाराजांनी नाही. लांबून टाकलेल्या फायलीनं घालवला.

हे नीट ध्यानात घ्या. आपण नेहमी मालकाला पकडतो. मालक चांगला की वाईट, धोरण पुरोगामी की प्रतिगामी. पण कामगाराला मालक दिसतो कुठं? कामगाराला दिसतो मुकादम, सुपरवायझर, हजेरी घेणारा कारकून, पाण्याच्या नळाशी उभा असलेला शेजारचा कामगार. माणसाला वागवणूक देतात ते हे. वरचं धोरण सोन्याचं असलं तरी फाईल कुणी आणि किती अंतरावरून टाकली, यावर सगळं ठरतं.

पुढं १९१८ साली बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात प्रोफेसर झाले. पोरं त्यांची शिकवणी ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतनं यायची. आणि स्टाफरूमच्या माठातलं पाणी त्यांनी प्यायचं की नाही यावर सोबतच्या प्रोफेसरांना आक्षेप. प्रोफेसरांना, बरं का. अडाण्यांना नाही. १९२० साली तीही नोकरी सोडून ते पुन्हा लंडनला शिकायला गेले.

गिरणीत हेच झालं, फक्त माठाच्या जागी धोटा. जुन्या साच्यावर धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची आणि धोट्याच्या भोकातून सुताचं टोक तोंडानं ओढून काढायचं. एकाच्या तोंडाला लागलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला. म्हणून अस्पृश्याला साचेखात्यात घ्यायचं नाही. त्यानं रिंगखात्यात राहायचं. साचेखात्यात पगार जास्त, रिंगमध्ये कमी. म्हणजे थुंकीची किंमत महिन्याच्या पगारात मोजून दिली जायची. हा मज्जाव काही एकट्या मालकानं घातला नव्हता. मालकाला कापड निघाल्याशी मतलब. सोबतच्या सवर्ण कामगाराला महाराच्या तोंडचा धोटा चालत नव्हता. लाल बावट्याखाली खांद्याला खांदा लावून घोषणा देणार आणि खात्यात आला की खांदा बाजूला. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी हाच मुद्दा रेटला की मागण्यांत हेही घाला, विणकाम खातं आमच्या माणसाला उघडा. संपाच्या पुढाऱ्यांनी ते मोठ्या खुशीनं केलं असं कुणी म्हणणार नाही.

मग १९३८ साली मनमाडला, रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत, बाबासाहेब बोलले की आपले शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. हे वाक्य आपण पोस्टरवर छापतो. पण त्याच भाषणात अगदी साधी कामाच्या जागेची गोष्ट आहे. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणून खडी फोडतो आणि रूळ उचलतो. पण त्याला पोर्टर करत नाहीत. का? तर स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामं करून घेतो आणि घरात तर हा चालत नाही. बघा, अन्यायाचं गणित किती बारीक असतं. बढती अडते ती मास्तरीणबाईंच्या स्वयंपाकघराशी. असल्या माणसाला रेल्वेविषयी निष्ठा वाटत नाही म्हणून कुठल्या तोंडानं तक्रार करणार?

आता माझ्या धक्क्यावर येतो.

माझा आजा गोदीत होता. त्याच्या आधीच्या पिढीत गोदीचं काम म्हणजे बाजार. सकाळी गेटवर घोळका उभा, टोळीवाला बोट दाखवील तो आत, बाकीचे घरी. आत जायचं तर त्याला काहीतरी चारायचं. १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगाराचा कायदा झाला. श्रममंत्री तेव्हा जगजीवन राम, हे आपल्याकडं फारसं कुणी बोलत नाही. मग बोर्ड आलं, नोंदणी आली, कार्ड आलं. जहाज नसलं तरी हजेरी लावली की हजेरीचे पैसे. आज्याच्या कार्डावर त्याचं पूर्ण नाव होतं, बापाच्या नावासकट. ते कार्ड तो देव्हाऱ्यात ठेवायचा. आमच्यात देव्हारा कुठला म्हणाल, तर बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोखालची फळी.

त्याचं काम माझ्यापेक्षा भारी होतं. हॅचमध्ये उतरून शंभर किलोची पोती, हुक मारून मारून. धूळ, उकाडा, वर विंच डोक्यावर. तरी तो म्हातारा निवृत्त झाल्यावरही जहाजाचा भोंगा ऐकून सांगायचा, कुठल्या धक्क्याला लागतंय. त्याला कुणी ‘निष्ठा’ शिकवली नव्हती. सकाळी उठून कुणाच्या बोटाची वाट बघायची नव्हती, एवढ्यानं त्याच्यात ती आली. मुकादम शिव्या द्यायचा तेव्हाही द्यायचा. पण म्हातारा उलट द्यायचा. कार्ड होतं ना!

मग कंटेनर आले. १९८९ ला न्हावा-शेवा सुरू झालं. पन्नास माणसांची टोळी दिवसभर करायची ते काम क्रेनचा एक ड्रायव्हर करायला लागला. १९९४ ला मुंबईचं डॉक लेबर बोर्ड पोर्ट ट्रस्टमध्ये विलीन झालं. नव्या पोराला तसलं कार्ड मिळणं बंद.

मी ठेक्यावर. ठेकेदार बदलतो, माणूस तोच, जागा तीच, बूटही तेच. पण कागदावर मी चार वर्षांत तीनदा नवा लागलोय. त्यामुळं जुना कधी होतच नाही. मला वरचे लोक ‘ए लेबर’ म्हणतात. नाव लागतं ते फक्त एकदा, पहिल्या दिवशी, आणि तेव्हाही नाव नको असतं, आडनाव हवं असतं. आडनाव सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर एक बारीक हिशेब होतो. मग डबा खायला कोण कुणाजवळ बसणार ते आपोआप ठरतं. माठ आता वेगळा नाही. कूलर एकच आहे. पण माझ्या फोनला भीमगीताची ट्यून होती, ती वाजली की सुपरवायझर म्हणायचा, कामावर राजकारण नको. गणपतीची आरती वाजणाऱ्या फोनला राजकारण नसतं. ट्यून मी बदललेली नाही. आवाज वाढवलाय.

गेल्या वर्षी ऑफिसात कर्मचारी समाधानाचा कार्यक्रम झाला. एक ते पाच आकडे, गोल करायचे. आम्हाला बोलावलं होतं. खुर्च्या मांडायला. फॉर्म कायम लोकांना. ठेक्याच्या माणसाचं समाधान मोजायचा ठेका कुणी घेतला नव्हता. संपल्यावर खुर्च्या उचलताना एक कोरा फॉर्म मिळाला, तो मी वाचला. एक प्रश्न असा : गेल्या महिन्याभरात वरिष्ठांनी तुमच्या कामाचं कौतुक केलं का? मी तो फॉर्म आमच्या टोळीत वाचून दाखवला. पोरं पोट धरून हसली. एक जण म्हणाला, कौतुक राहू दे, संडासाची चावी कुणाकडं असते ते विचारलंय का बघ.

हा जो बोलला, तो आता आमच्यात नाही. त्याची गोष्ट सांगतो, म्हणजे विषयाला धरून होईल.

आमच्या टोळीत सगळ्यात हुशार तोच. कंटेनरचं दार उघडायच्या आधी बाहेरून कान लावायचा, दांड्याला हात लावून बघायचा, आणि सांगायचा की आत माल सरकलाय. एकदा ग्रॅनाइटच्या लाद्यांचा कंटेनर होता. त्यानं सुपरवायझरला सांगितलं, साहेब, आतले ठोकळे ढिले झालेत, दार असं उघडू नका. सुपरवायझर चारचौघांत म्हणाला, “तुला हातांसाठी ठेवलाय. डोकं घरी ठेवून येत जा.” लोक हसले. दार उघडलं. त्या दिवशी काही झालं नाही.

आठवडाभरानं तसाच दुसरा कंटेनर. त्यानं हात लावला. गप्प राहिला. साहेबाला काही बोलला नाही. फक्त मला आणि दुसऱ्या एकाला कॉलरला धरून बाजूला ओढलं. दार उघडलं आणि लाद्या धाडकन बाहेर. माणूस वाचला, माल फुटला. लाखांचा असेल. चौकशी झाली, कुणाच्या लक्षात कसं आलं नाही म्हणून.

आता सांगा, या पोरात निष्ठा नव्हती? होती की. पुरेपूर होती. आमची मान त्यानं वाचवली. फक्त ती निष्ठा त्यानं मालकाकडून काढून घेतली आणि आमच्यात गुंतवली. मालकाला वाटतं निष्ठा मेली. ती मरत नाही. ज्यानं डोकं घरी ठेवायला सांगितलं, त्याच्या कामावर डोकं घरीच राहतं. हात येतात. हातांना ठोकळे ढिले झालेले कळत नाहीत.

पुढच्याच महिन्यात त्यानं काम सोडलं. आता मोबाईलवर ऑर्डर घेऊन घरोघर जेवण पोचवतो. पैसे काही फार जास्त नाहीत, पेट्रोल धरलं तर कमीच. म्हणतो, ॲप शिव्या देत नाही. पण परवा भेटला तेव्हा सांगत होता, एका टॉवरमध्ये वॉचमननं अडवलं. डिलिव्हरीवाल्याची लिफ्ट वेगळी. हसत सांगत होता. मी हसलो नाही.

ठेकेदाराच्या रजिस्टरात त्याच्या नावापुढं लिहिलंय : गैरहजर, नाव कमी. कारणाचा रकानाच नाही.

आता जे टिकतात त्यांचं. मघाशी म्हणालो होतो पुढं येतो म्हणून. मुंबईत सगळ्यात जास्त टिकाऊ नोकरी आज कुठली? झाडूखातं. बाप मेला, निवृत्त झाला की पोरगा लागतो. लाड-पागे समितीच्या शिफारशींनी दिलेला वारसाहक्क. ही नोकरी कायम आहे, पेन्शन आहे, आणि जो कुणी तिला नावं ठेवील त्यानं आधी ठेक्यावरच्या सफाई कामगाराकडं बघावं, ज्याला हातमोजेसुद्धा भांडून मिळतात. तेव्हा हक्क टिकलाच पाहिजे, त्यासाठी मी मोर्चात येईन. पण मला एक प्रश्न टोचतो. बारावी झालेला, कॉम्प्युटरचा कोर्स केलेला पोरगा बापाचा झाडू का घेतो? त्याला कामाची आवड आहे म्हणून? पुष्कळ ठिकाणी उत्तर खोलीत आहे. राहायची खोली खात्याची. घरातल्या कुणी झाडू घेतला नाही तर खोली खाली करा. आई, बहिणी, सगळे रस्त्यावर. मग पोरगा टिकतो. तीस वर्षं टिकतो. खात्याच्या कागदावर हाही समाधानी.

हे वतनच आहे, दोस्तहो. बलुत्याच्या जागी पेन्शन आलं आणि येसकराच्या काठीच्या जागी झाडू आला. फरक पुष्कळ आहे, नाही म्हणत नाही. पण जिथं दार नाही तिथं कोण आत बसलंय हे मोजून काय कळणार? त्या घरातल्या पोराला दुसरी नोकरी लागली तरी खोली राहील अशी मागणी आपण करतो का? मी तरी कुठल्या मोर्चात ती ऐकली नाही. पहिल्यांदा इथं करतोय.

काहीजण म्हणतील, ही सगळी मानापमानाची भाषा झाली, पगाराचं बोल. बोलतो ना. साचेखात्याचा धोटा हा मानाचा प्रश्न होता की पगाराचा? पोर्टरची बढती? माझी तीनदा नवी झालेली नोकरी, जिच्यामुळं ग्रॅच्युइटी कधी जमतच नाही? अपमान फुकट नसतो. प्रत्येक अपमानामागं कुणाचे तरी पैसे वाचलेले असतात. डाव्या मित्रांना नुसते पैसे दिसतात, आपल्यातल्या कवींना नुसता अपमान दिसतो. मी कवी आहे म्हणून बोललो, माफी मागणार नाही.

तर मी एक वही घातलीय. शंभर पानी, साधी. आमच्या टोळीतनं आणि आजूबाजूच्या टोळ्यांतनं जो काम सोडून जातो त्याच्याकडं मी जातो, आणि का सोडलं ते त्याच्याच शब्दांत लिहून घेतो. ठेकेदाराच्या रजिस्टरात जो रकाना नाही तो या वहीत आहे. नावं लिहीत नाही, फक्त कारण. दोनचार वाचतो.

“पाय मोडला. अठरा दिवसांनी गेलो तर म्हणाले, तू कोण?”

“बायकोचं बाळंतपण होतं. सुट्टी मागितली. म्हणाला, तुमच्यात काय, होतच असतात.”

“१४ एप्रिलला आलो नाही. दुसऱ्या दिवशी गेट बंद.”

“पगार बरा होता. कंटाळा आला ए लेबर ऐकून.”

“सोडलं नाही. काढलं. पण लिही सोडलं म्हणून, घरी तेच सांगितलंय.”

एवढीच वाचतो. वही इथं टेबलावर ठेवतोय. इथं बसलेल्यांपैकी ज्यानं कधी कुठली नोकरी सोडलीय, ऑफिसातली असो, दुकानातली असो, शाळेतली असो, त्यानं जाताना एक ओळ लिहून जावी. बायांनीही लिहावं, त्यांची वहीत अजून एकच ओळ आहे, आणि ती मी इथं मोठ्यानं वाचू शकत नाही. पेन दोरीनं बांधलेलं आहे. मला दुसरी पाळी आहे, अडीचच्या आत गेटवर पोचायचंय, तेव्हा प्रश्न असतील तर पटापट विचारा.